पाण्याचे ऋण

दारी आलेल्या माणसाला आधी पाणी विचारावे आणि मग नाव-गाव, ही वऱ्हाडातील जुनी रीत आहे. तांब्या-भांडे पुढे आल्याशिवाय ओसरीवरच्या बोलण्याला सुरुवात होत नाही. मात्र दर्यापूर तालुक्यातील कित्येक घरांत हा तांब्या पुढे करताना गृहिणीचा हात किंचित अडखळतो, हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो. "पानी जरासं मचूळ हाय, सांभाळून घ्या," असे ती खालच्या आवाजात म्हणे. पाहुणा परगावचा असला तर पहिल्याच घोटाला त्याची मुद्रा पालटे आणि ती कोणी पाहिली तर नाही ना, म्हणून तो घाईने उरलेले पाणी संपवी. त्या घरात दारिद्र्य असेच असे नाही. कोठीत तूर असे, हरभरा असे, अंगणात कापसाचा ढीग असे. नसे ते एवढेच, की पाहुण्याच्या तहानेला साजेसे गोड पाणी.

त्या अडखळणाऱ्या हातात एक मोठा नैतिक प्रश्न दडलेला आहे, असे आम्हांला आता वाटते. जी वस्तू आपण निर्माण केली नाही, जिच्यावाचून शेजारी जगू शकत नाही, आणि जी आपल्या वाट्याला कमी किंवा अधिक येणे हा निव्वळ जन्मस्थानाचा योगायोग आहे, ती वस्तू 'माझी' आहे असे म्हणण्याचा अधिकार माणसाला कितपत आहे? आणि ती मिळाल्यावर आपण कोणाचे देणेकरी होतो?

प्रथम भूमीविषयी दोन शब्द. दर्यापूर-बनोसा हे जोडगाव चंद्रभागेच्या काठी वसले आहे. ही चंद्रभागा पंढरीची नव्हे. ती गाविलगडाच्या डोंगरातून उतरते आणि पूर्णेला मिळते. पूर्णाही सातपुड्याचीच लेक. अमरावती, अकोला आणि बुलढाणा हे जिल्हे ओलांडून ती चांगदेवाजवळ तापीला भेटते. या पूर्णेच्या दोन्ही अंगांना जो सपाट काळाभोर पट्टा पसरला आहे, त्याला आपण खारपाणपट्टा म्हणतो. तीन जिल्ह्यांतील सुमारे ९०० गावे त्यात येतात. नद्यांनी युगानुयुगे आणून टाकलेला गाळ येथे शेकडो मीटर खोल साचला आहे. पाण्याचा निचरा मंद, ऊन कडक. त्यामुळे क्षार वाहून गेले नाहीत, ते जमिनीच्या पोटातच मुरून राहिले. ज्या मातीने वऱ्हाडाला कापूस दिला, त्याच मातीने त्याचे पाणी खारे करून ठेवले. हे पाणी पिकाला दिले तर जमीन चोपण होते, म्हणून येथील शेतकरी भूगर्भात पाणी असूनही आभाळाकडे पाहतो. पायाखाली पाणी आणि तरीही कोरडवाहू, असे हे विलक्षण दैव आहे.

या पाण्यापुढे नेहमीचे घरगुती उपाय थिटे पडतात. तुरटी फिरविली की गाळ तळाशी बसतो. उकळले की रोगजंतू मरतात. टीसीएल पावडर टाकली की पुन्हा जंतू शिरण्याला काही काळ अटकाव होतो. पण विरघळलेले मीठ यांपैकी कशानेही निघत नाही. उलट, उकळताना पाणी आटते आणि खारटपणा वाढतो. पिण्याच्या पाण्याचे २०१२ चे भारतीय मानक सांगते, की एका लिटरमध्ये विरघळलेले क्षार ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावेत. 'दुसरा स्रोतच नसेल तर' या चार शब्दांत खारपाणपट्ट्याचा सारा इतिहास सामावला आहे. अशा पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहाची चव बिघडते. एवढ्यावरच भागते तर बरे होते. मूत्रपिंडाच्या विकाराने घरातले कर्ते माणूस गेल्याच्या कहाण्या या पट्ट्यातील गावोगावी ऐकू येतात. त्या दुखण्याला इतरही कारणे असू शकतात, हे खरे. परंतु ज्या आईला रोज तेच पाणी लेकराच्या भांड्यात ओतावे लागते, तिच्या मनातील भीतीला अशा युक्तिवादाने उतार पडत नाही. मुलगी देताना शेतीवाडीच्या आधी गावचे पाणी पाहणारे बाप आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांना आम्ही कधी दोष दिला नाही.

मग पूर्वीचे लोक प्यायले काय? पावसाळ्यात पन्हळीखाली हंडे-रांजण मांडून धरलेले पाणी, नदीच्या वाळूत झिरा उकरून वाटी-वाटीने भरलेले पाणी, आणि नशिबाने एखाद्या ठिकाणी लागलेल्या गोड विहिरीचे, बैलगाडीवर पिंप बांधून आणलेले पाणी. दर्यापूर तालुक्यातच महिमापूर येथे सात मजली प्राचीन विहीर आहे. कमानींखालून पायऱ्यांनी खाली खाली उतरत जावे आणि तळाशी पाणी दिसावे, अशी तिची रचना. ती पाहताना आमच्या मनात पहिल्यांदा येते ते वास्तुशिल्पाचे कौतुक नव्हे. एका कळशीसाठी माणसे एवढे खोल उतरायला आणि एवढे दगड घडवायला तयार झाली, ही गोष्ट मनाला भिडते. ज्यांनी ती बांधली त्यांतील अनेकांनी तिचे पाणी फार वर्षे प्यायलेही नसेल. आपल्यानंतर येणाऱ्या अनोळखी माणसाची तहान त्यांनी आधीच ओळखली होती.

तथापि, गतकाळाचे गुणगान करताना जीभ आवरली पाहिजे. पाण्याला 'नाही' म्हणू नये, ही रीत सर्वांना लागू नव्हती. गावातील काही माणसांना विहिरीच्या काठावर पाय ठेवण्याची मुभा नव्हती. कोणी वरून ओंजळीत ओतील तेव्हाच त्यांची तहान भागे. १८६८ मध्ये जोतीराव फुले यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असे म्हटले. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन तो हक्क प्रत्यक्ष बजावावा लागला, आणि न्यायालयाचा अखेरचा निकाल १९३७ साल उजाडल्यावर लागला. ज्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती, तेथे माणसाला पाणी पिण्यासाठी दहा वर्षे न्यायालयात झगडावे लागले! ख्रिस्ती समाजानेही या बाबतीत हात वर करू नयेत. जातीचा विटाळ बाप्तिस्म्याच्या पाण्याने आपोआप धुऊन निघतो असे नाही. याकोबाच्या विहिरीवर प्रभू येशूने शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागितले, ही कथा आपण वर्षानुवर्षे ऐकतो. तिच्यातील धक्का मात्र आपल्या ध्यानात क्वचितच येतो. तिच्या भांड्याला यहुदी माणसाने तोंड लावू नये, असा त्या काळचा दंडक होता. देणारा होण्यापूर्वी तो मागणारा झाला, आणि मागण्यानेच त्याने तिला बरोबरीचा मान दिला.

आता आजच्या काळाकडे वळू. सातपुड्याच्या पायथ्याशी शहानूर नदीवर धरण झाले आणि तेथून नळयोजनेचे पाणी अंजनगाव-दर्यापूरकडे खाली आले. मडक्यातील पाणी गोड लागू लागले. ज्यांनी आयुष्यभर मचूळ पाणी प्यायले त्या म्हाताऱ्यांनी नळाखाली ओंजळ धरून पहिला घोट घेतला, तेव्हाचे त्यांचे चेहरे आम्ही विसरलेलो नाही. त्या दिवशी आमच्या मनात एवढेच आले, की आपला वनवास संपला. हे पाणी मुळात कोठे पडले, कोणत्या रानाने ते धरून ठेवले, हा विचार आम्हांला फार उशिरा सुचला. ज्या डोंगररांगांवर हा पाऊस पडतो, त्याच मेळघाटच्या चिखलदरा तालुक्यातील काही पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. डोक्यावर हंडा घेऊन कोरकू बाई उतार चढते, आणि तिच्याच डोंगराचे पाणी मैदानातल्या आमच्या मोरीत वाहते. आम्ही तिचे पाणी चोरले, असे कोणी म्हणणार नाही. योजना कायदेशीर आहे, पाणीपट्टी आम्ही भरतो. पण पाणीपट्टी ही नळ, पंप आणि वीज यांची किंमत आहे. पावसाची आणि रानाची किंमत तिच्यात धरलेली नाही. ती कोणी मागत नाही म्हणून ती देणे नाही, असे होत नाही.

नळ आल्यावर आणखी एक गोष्ट घडली, आणि ती अधिक खोल आहे. गावातली जी एक-दोन गोड पाण्याची ठिकाणे होती, त्यांच्याकडे जाणारी पाऊलवाट मोडली. विहिरीचा गाळ काढण्याचे थांबले. काठावर उकिरडा आला. एका विहिरीत तर लोकांनी घरे पाडल्याची माती ओतली. उत्पत्तीच्या पुस्तकात पलिष्ट्यांनी अब्राहामाच्या विहिरी मातीने बुजविल्या आणि त्याच्या मुलाने, इसहाकाने, त्या पुन्हा उकरल्या, असा प्रसंग आहे. तेथे विहीर बुजविणारे निदान परके होते. येथे आम्हीच आमच्या बापजाद्यांच्या विहिरी बुजविल्या.

पुढे शुद्धीकरणाची यंत्रे आली. वीस लिटरचे जार दारात येऊ लागले. ज्यांना परवडले त्यांनी घरी यंत्र बसविले, आम्हीही बसविले. हे लिहिताना आम्हांला संकोच होतो, तरी प्रसंग सांगितला पाहिजे. काही वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतील नळाची वाहिनी गटाराजवळ फुटली. नळाला रोज पाणी येत नाही. पाणी बंद असते तेव्हा वाहिनीतील दाब ओसरतो आणि भेगेतून बाहेरची घाण आत ओढली जाते. तसेच झाले. आठवडाभरात वस्तीतील लेकरे ओकारी आणि जुलाबाने आडवी झाली. ती बातमी कानावर आली तेव्हा आमच्या मनात उमटलेला पहिला विचार हा होता: 'बरे झाले, आपल्या घरी मशीन आहे.'

त्याच संध्याकाळी शेजारची बाई कळशी घेऊन दारात उभी राहिली. "वहिनी, लेकरापुरतं पानी भेटंल का?" तिने विचारले. पाणी अर्थातच दिले, कळशी भरून दिली. पण ती गेल्यावर घरातील कोणी बराच वेळ बोलले नाही. कारण आम्हां सर्वांनाच एक जुनी गोष्ट आठवली होती. नळ येण्यापूर्वीच्या एका दुष्काळी उन्हाळ्यात याच बाईच्या सासऱ्याने आपल्या गाडीवरच्या पिंपातून आमच्या घरी पाणी घातले होते. तेव्हा आमच्या आईने ते मागितलेही नव्हते. तो आपणहून दारात थांबला आणि "मोठे भांडे आणा," म्हणाला. त्या वेळी जे शेजारधर्म म्हणून सहज वाहत होते, ते आता उपकार म्हणून मागावे लागत होते. मधल्या काळात आम्ही गरीब झालो नव्हतो, उलट सुस्थितीत आलो होतो. मग कमी झाले ते काय?

येथे कोणी म्हणेल, स्वतःच्या मुलांना स्वच्छ पाणी पाजणे हा काय गुन्हा आहे? मुळीच नाही. तो आईबापांचा पहिला धर्म आहे. घरात यंत्र बसविले याची आम्हांला लाज वाटत नाही. लाज वाटते ती यंत्र बसविल्यानंतर आम्ही जे सोडून दिले त्याची. ते आल्यापासून आम्ही ग्रामसभेत पाण्याचा विषय काढला नव्हता. वाहिनी गळते हे दिसत होते, पण ती आता 'त्यांची' वाहिनी झाली होती. ज्यांना लिहिता-वाचता येते, ज्यांचा शब्द पंचायतीत ऐकला जातो, तेच जेव्हा सार्वजनिक पाण्यातून अंग काढून घेतात, तेव्हा ते पाणी ज्यांचे कोणी ऐकत नाही अशांचे होऊन बसते, आणि मग ते बिघडते. कोणी विष कालविलेले नसते. केवळ पाहणारे डोळे कमी झालेले असतात. अलिप्तता ही पापाच्या यादीत सहसा सापडत नाही, म्हणून ती अधिक घातक आहे. शिवाय हे यंत्र जितके गोड पाणी देते तितकेच, पुष्कळदा त्याहून अधिक, खारट पाणी मोरीतून सोडून देते. आपल्या शुद्धतेचा गाळ कोणाच्या अंगणात जातो, हाही प्रश्न आहेच.

दुसरा कोणी म्हणेल, माझ्या जमिनीतले पाणी माझे. मी बोअर मारली, खर्च मी केला. या युक्तिवादाला कायद्यानेच उत्तर दिले आहे. महाराष्ट्राच्या १९९३ च्या भूजल कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर खोदण्यास मनाई केली. याचा अर्थ असा, की शेताची हद्द दगडाने आखता येते, पण खालचे पाणी ती हद्द ओळखत नाही. एकाने अधिक उपसले की दुसऱ्याची विहीर तळ गाठते. वसईच्या वाचकांना हे निराळे सांगायला नको. वसईच्या बागायती विहिरींचे गोड पाणी टँकरने उपसून नेले जाऊ लागले आणि समुद्राचे खारे पाणी आत सरकण्याचे भय उभे राहिले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने १९८०च्या दशकाच्या अखेरीस हरित वसईची चळवळ उभी राहिली. आम्हां वऱ्हाडकरांना खारे पाणी निसर्गाने दिले. वसईत ते माणसाच्या लोभाने ओढवण्याची भीती होती. यातून शिकायचे ते एकच: गोड पाणी ही कायमची मालमत्ता नव्हे, ती राखली तरच राहणारी ठेव आहे.

संत थॉमस अक्वायनस यांनी मांडले आहे, की माणसाला खाजगी मालकी असू शकते, पण पराकाष्ठेच्या निकडीत सर्व वस्तू सर्वांच्या होतात. तहानेहून मोठी निकड कोणती? २८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने सुरक्षित पिण्याचे पाणी हा मानवी हक्क म्हणून मान्य केला. २०१५ मध्ये दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या परिपत्रात हाच हक्क मूलभूत आणि सार्वत्रिक असल्याचे प्रतिपादन केले, कारण त्यावाचून इतर कोणताही हक्क भोगण्यास माणूस उरतच नाही. हक्काचा हा विचार मोलाचा आहे. परंतु हक्काच्या पाठीशी कोणाचे तरी कर्तव्य उभे असावे लागते, नाहीतर तो कागदावर सुकून जातो.

हे कर्तव्य आम्हांला तीन दिशांना पसरलेले दिसते. पहिले वरच्यांचे: जेथून पाणी येते त्या डोंगराचे, रानाचे आणि तेथील तहानलेल्या माणसांचे. दुसरे शेजाऱ्यांचे: ज्या वाहिनीला आपले घर जोडले आहे, तिच्यावरील प्रत्येक घराचे. तिसरे पुढच्यांचे: जे अजून जन्मले नाहीत आणि ज्यांच्यासाठी महिमापूरच्या त्या अज्ञात गवंड्यांनी पायऱ्या घडविल्या, तसे आपणही काही ठेवून जावे अशांचे.

आणि ही कर्तव्ये डोंगराएवढी नाहीत. गावच्या जलसुरक्षकाने टाकीत टीसीएल टाकले की नाही, हे ओ.टी. चाचणीने कोणालाही पाहता येते. नळाच्या पाण्यात थेंब टाकावेत, पिवळी छटा आली तर क्लोरीन आहे असे समजावे. ही तपासणी शेवटच्या नळावर करावी, टाकीजवळच्या नव्हे, कारण दोष शेवटच्या घरी पोहोचतो. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर गावाच्या पाणीस्रोतांची पाहणी होऊन पंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. आपल्या गावाला कोणते मिळाले, हे ग्रामसभेत उभे राहून विचारावे. छपरावरचे पावसाचे पाणी स्वच्छ टाक्यात धरावे. खारपाणपट्ट्यात आभाळ हाच गोड पाण्याचा सर्वांत जवळचा झरा आहे. पाणीपट्टी वेळेवर भरावी. बुजविलेली विहीर उकरण्यासाठी उन्हाळ्यातील चार रविवार द्यावेत. आमच्या वस्तीने त्या पावसाळ्यानंतर एवढे केले, की फुटलेली वाहिनी गटारापासून दूर हलवून घेतली आणि चाचणीची बाटली शाळेत जाणाऱ्या मुलांच्या हाती दिली. काम मोठे नव्हते. उशीर मात्र मोठा झाला होता.

दर्यापूरपासून फार दूर नाही, पूर्णेच्या काठी ऋणमोचन नावाचे तीर्थ आहे. पौषात तेथे यात्रा भरते. नदीपर्यंत जाताना लोकांचे हाल होतात हे पाहून गाडगेबाबांनी तेथे घाट बांधण्याचे काम हाती घेतले. दगड वाहणारा तो फाटक्या वस्त्रातील माणूस याच अमरावती जिल्ह्यात १८७६ साली जन्मला आणि १९५६ मध्ये याच जिल्ह्यात त्याने देह ठेवला. गावाचे नाव सांगते की येथे ऋण फिटते. त्याने फेडण्याची तऱ्हा दाखविली: डुबकी मारून नव्हे, तर मागून येणाऱ्याचा पाय घसरू नये म्हणून एक पायरी बसवून.

पाण्याचे ऋण ज्याचे त्याला परत करता येत नाही. डोंगराला आपण पाऊस देऊ शकत नाही, आणि ज्या म्हाताऱ्याने न मागता पिंप रिकामे केले तो आता हयात नाही. हे ऋण पुढच्यालाच द्यावे लागते. परवा शेजारची ती बाई पुन्हा आमच्या दारी आली होती, या खेपेस कळशी न घेता, सहज बसायला. तांब्या पुढे केला तेव्हा तिने पाणी घेतले आणि म्हणाली, "आता आमच्या नळालेबी असंच येते." ते ऐकून त्या रात्री आम्हांला निवांत झोप लागली.